पाळीच्या पोटातली वाट

मुलांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही पाण्याचा एक थेंब आहात. एका मोठ्या तलावात, अगदी तळाशी, मातीच्या उंच बांधाला टेकून बसला आहात. तुमच्या डोक्यावर असंख्य थेंब आहेत आणि ते सगळे मिळून तुम्हाला बांधाच्या मातीत ढकलताहेत. बांधापलीकडे उतार आहे, आणि पाण्याला उताराची ओढ किती असते ते तुम्हाला माहीत आहे. आता तुम्ही काय कराल? मातीत एखादी बारीक फट सापडते का ते चाचपून बघाल. नाही सापडली, तर थांबाल. थेंबाला घाई नसते. तो तीनशे वर्षंही थांबू शकतो.

अशाच एका थेंबाला वाट सापडली, त्याची ही गोष्ट. ती अजून घडायची आहे, वीसेक वर्षांनी घडेल असं धरून चला. पण घडून गेल्यासारखी सांगितली की सांगायला सोपी जाते, म्हणून तशी सांगतो.

विदर्भाच्या पूर्वेला, भाताच्या मुलखात, राणीबांध नावाचा तलाव होता. दोन टेकड्यांच्या मधली जागा मातीच्या लांबलचक बांधानं अडवून तो केला होता. त्या बांधाला तिकडे पाळ म्हणतात. ज्यांनी ती पाळ घातली त्यांच्याकडे यंत्रं नव्हती. माणसांनी टोपल्यांनी माती वाहिली, पाणी शिंपडलं, तिच्यावर बैल फिरवले, आणि ती घट्ट दाबायला माणसं स्वतःही नाचली. थरावर थर. ती माणसं गेली, त्यांची नावंही गेली, पण पाणी राहिलं. दर वर्षी, न चुकता. त्या अनोळखी लोकांचे आभार कसे मानायचे हे मला अजून नीट कळलेलं नाही. गोष्ट सांगणं हा त्यातलाच एक प्रयत्न समजा.

तलावाच्या काठावर एक वस्ती होती, वरटोला. तिथले ढीवर लोक मासे धरत, पाण्यात शिंगाडे लावत. हिवाळ्यात दूरदेशाहून पक्षी येत. पक्षी बघायला माणसं येत, आणि वरटोल्याच्या ओसरीवर बसून माशाचा झणझणीत रस्सा खाऊन नाक पुसत परत जात. पाळीच्या खालच्या अंगाला दुसरी वस्ती होती, खालटोला. तिची भातशेती तलावाच्या पाटावर पिकायची. तलाव वरटोल्याच्या डोळ्यांसमोर होता आणि खालटोल्याच्या डोक्यावर.

वरटोल्यात एक रीत होती. मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी त्याच्या नावाचं झाड पाळीवर लावायचं. मोह, जांभूळ, करंज, बेल, ज्याला जे आवडेल ते. पिढ्यान् पिढ्या लावून पाळ म्हणजे एक हिरवी भिंतच झाली होती. पोरं भांडतानासुद्धा म्हणायची, "माझ्या झाडाला तुझी बकरी बांधू नको, सांगून ठेवते!"

शरयू दिघोरे हिचं झाड जांभळाचं होतं. ती अकरा वर्षांची, सडपातळ, प्रश्न विचारून मोठ्यांना दमवणारी. तिचे आजोबा डोमाजी, ज्यांना ती आबाजी म्हणे, मासेमारांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. तलावाचं पाणी सोडायच्या मोरीचं चाक त्यांच्या ताब्यात असे. त्यांचं स्वतःचं झाड मोहाचं. ते काही वर्षांपूर्वी वाळून गेलं होतं, नुसतं बुंध्याचं खोड उरलं होतं. आबाजी त्याच खोडावर बसून जाळी विणायचे.

कुणी विचारलं तर म्हणायचे, "मोहानं हात टेकले गा. मी नाही टेकत!"

आता यंत्राकडे येऊ.

जुन्या बांधांची तब्येत बघायला त्या काळी एक काचेची दोरी निघाली होती. केसाएवढी बारीक, वरून रबरी आवरण. ती बांधाच्या अंगात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरायची आणि एका टोकातून तिच्यात प्रकाशाचे ठोके सोडायचे. विहिरीत हाक मारली की ती घुमून परत येते ना? तसा त्या प्रकाशातला थोडासा भाग वाटेतल्या प्रत्येक जागेवरून परत येतो. दोरी कुठे किंचित हलली, कुठे किंचित गार झाली, की तिथून परतणारा प्रकाश बदलतो. आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून ती जागा किती लांब आहे तेही कळतं. म्हणजे एकच दोरी, पण तिला टोकापासून टोकापर्यंत कान फुटलेले. पाण्याची धार मातीतून चालली की बारीक आवाज होतो, आणि धारेचं आणि मातीचं तापमान सहसा सारखं नसतं. दोरी दोन्ही टिपते. संगणक त्या टिपणांतून पाळीच्या पोटाचं चित्र काढतो, आणि ऐकायचं असेल तर आवाजही ऐकवतो.

राणीबांधच्या पोरांनी तिचं नाव ठेवलं ऐकदोरी. तिचं ठाणं वरटोल्याच्या शाळेतच होतं, कारण उईके मॅडमचा तसा आग्रह होता. जुन्या तलावांची तपासणी करणाऱ्या पथकात त्या इंजिनिअर होत्या. त्या म्हणत, "पाळ तुमची आहे, तर तिची नाडीही तुम्हीच बघायला शिका." पोरं पाळीपाळीनं कानाला यंत्र लावून बसत. खेकड्याची खुडबुड, गाईंचे पाय, गुरुजींची सायकल, सगळं त्यांना ओळखू येई.

पावसाळा सरला होता. तलाव काठोकाठ भरला होता, खाली भात पिवळं पडत होतं. शरयूची ऐकायची पाळी होती, आणि एका जागी तिला नवाच आवाज आला. गाळणीतून चहा गळावा तसा, बारीक आणि न थांबणारा.

तिनं मॅडमना बोलावलं. त्या आल्या, ऐकलं, आणि पडद्यावर चित्र काढायला घेतलं. तलावाच्या बाजूनं एक निळी रेघ पाळीत शिरली, थोडी वळली, तिला फाटे फुटले, फाट्यांना पुन्हा फाटे फुटले.

"मॅडम, पाणी असं वाकडंतिकडं काहून चाललं?"

"तुला काय दिसतं?"

शरयूनं मान तिरकी केली. "मूळ दिसते. झाडाचं."

मॅडमनी पडद्याजवळ वाकून रेघ पुन्हा बघितली. मग त्यांनी ती जागा पाळीच्या नकाशावर ठेवली. रेघ बरोबर आबाजींच्या खोडाखालून जात होती.

इथे जरा थांबा, कारण इथे तुमचाही गोंधळ होईल. मुळं माती धरून ठेवतात, असं तुम्ही शाळेत शिकता. ते खरंच आहे. डोंगरउतारावर झाडं असली की माती वाहून जात नाही. पण पाळीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या एका बाजूला पाणी सतत ढकलत उभं असतं. झाड जिवंत असतं तोवर मूळ मातीत घट्ट बसलेलं असतं. झाड मेलं की मूळ कुजतं, आणि मूळ होतं तिथे पोकळ नळी उरते. थेंबाला आयती वाट! एक थेंब जातो, त्याच्यामागून दुसरा, आणि प्रत्येक जण जाताना मातीचा एखादा कण घेऊन जातो. नळी रुंद होते. मग जास्त पाणी जातं, ते जास्त माती नेतं. शेवटी वरून हिरवीगार दिसणारी पाळ आतून खचते, आणि अख्खा तलाव एकाच वेळी बाहेर पडतो.

झाडं लावणाऱ्यांनी प्रेमानंच लावली होती. झाड मरेल तेव्हा काय, एवढंच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"मग तेवढं एकच खोड काढू ना," शरयू म्हणाली. "आबाजीले मी समजावते."

"पाणी भरलेलं असताना खोड उपटलं तर भोक मोठंच होईल," मॅडम म्हणाल्या. "आधी तलाव उतरवायला हवा. मग पाळ तेवढी खोदायची, मुळं काढायची, माती पुन्हा भरायची. आणि बेटा, बाकीची झाडंही कधीतरी मरणारच. ती सगळीच काढावी लागतील."

"माझं जांभूळ पण?"

"तुझं जांभूळ पण."

त्यातच बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी आली. त्याचा पाऊस इकडे पोचेपर्यंत पाणी खाली यायला हवं होतं.

शाळेच्या अंगणात सभा भरली. मॅडमनी चित्र दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. लोक आबाजींकडे बघू लागले. आबाजी उठले.

"मुळं माती धरतात. हे माझं नाही, शाळेच्या पुस्तकात छापलेलं हाय. का गुरुजी?"

हशा पिकला. गुरुजींनी खाली बघितलं.

"यंदा मासोळी चांगली वाढली. पाखरं यायची हायेत. तलाव सुकवला तर वरटोल्यानं काय खायचं? अन् पाळीवरची झाडं म्हणजे आमची लेकरं हायेत, मॅडम बाई. एका पोरीनं कानात काही ऐकलं म्हणून लेकरं उपटायची?"

कुणीतरी मागून ओरडलं, "पोरीच्या कानात खेकडा शिरला असंल!" पुन्हा हशा.

मॅडमना वरून हुकूम आणता आला असता. पण जबरदस्तीनं रिकामा केलेला तलाव पुढे कोण सांभाळणार, हे त्या जाणून होत्या. त्यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तोवर चाक फिरलं नाही, तर हुकूम आणावाच लागेल, हेही स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर आबाजींनी शरयूकडे पाठ केली. जाळं विणत बसले. विणता विणताच म्हणाले, "माझ्या मोहाचं नाव घेतलंस तू. साऱ्या गावासमोर."

"मी नाही घेतलं, आबाजी. चित्रात आलं."

"चित्र!" त्यांनी जाळं बाजूला फेकलं. शरयूला रडू आलं, पण आपण ऐकलं ते ऐकलं नाही असं तिला म्हणता येईना.

तेवढ्यात फोन वाजला. प्रणाली आत्याचा. ती आबाजींची धाकटी मुलगी, खालटोल्यात पाळीच्या अगदी पायथ्याशी दिलेली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बाबा, लवकर या! माझ्या घरामागं झरा लागला. तलावमायनं आपणहून पाणी पाठवलं!"

आबाजींचा चेहरा उजळला. "बघ," ते शरयूला म्हणाले, "तलाव देते, घेत नाही. चाल, डोळ्यानं बघ."

शरयू त्यांच्यामागून निघाली.

आत्याच्या परसात, पाळीच्या पायाशी, खरोखरच झरा लागला होता. आत्यानं भोवती दगड रचले होते, हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं ठेवली होती. तिचा वर्षाचा मुलगा त्यात हात आपटत होता. पाणी नितळ होतं. आबाजींनी ओंजळभर घेऊन डोळ्यांना लावलं.

"चहा करते," म्हणून आत्या आत गेली. चहा झाला, दोन गोष्टी झाल्या. मग शरयूनं काचेचा पेला मागून घेतला आणि झऱ्यात बुडवला. आता पाणी नितळ नव्हतं. भाताच्या पेजेसारखं गढूळ झालं होतं.

"बाळानं हात मारला असंल," आत्या म्हणाली.

"बाळ तर केव्हाचं तुझ्या कडेवर हाय, आत्या."

शरयूनं पेला दगडावर ठेवला. मॅडमनी सांगितलं होतं, पाळीतून थोडं स्वच्छ पाणी झिरपलं तर ते पाळीला सोसतं. पण पाणी माती घेऊन येऊ लागलं, तर पाळ आतून चालली असं समजायचं. तिघंही पेल्याकडे बघत बसली. हळूहळू पाणी निवळलं. तळाशी पिवळी, लोण्यासारखी चिकण माती बसली, आणि तिच्यात काळे, कुजके धागे.

आबाजींनी पाणी ओतून दिलं. ते धागे बोटावर घेतले, चोळले, नाकाशी नेले. कुजलं तरी मोहाचा वास मोहाचाच असतो. वर पाळ उभी होती, तिच्यापलीकडे सारा तलाव. आणि खाली त्यांची लेक, कडेवर नातू घेऊन, फुलं वाहून त्या पाण्याचे आभार मानत होती.

"प्रणाली," ते म्हणाले, "लेकराले घेऊन वर चाल. सामान मागून आणू."

"बाबा, काय झालं?"

"शरू सांगते तुले चालता चालता. मले नीट सांगता नाही येत."

उन्हं कलायच्या आत ते शाळेच्या अंगणात पोचले. या वेळी ते बोलायला उभे राहिले तेव्हा कुणी हसलं नाही. "सकाळी मी बोललो ते चूक होतं," ते म्हणाले. "माझ्या मोहाची मुळं खालटोल्यात निघाली. मी हातात घेऊन बघितली. मॅडम बाई, चाक किती फिरवू, ते सांगा."

पुढचे दिवस धावपळीचे होते. पाणी एकदम सोडून चालत नाही. तलाव झपाट्यानं उतरला तर पाळीची भिजलेली आतली बाजू घसरते, आणि खाली पाटाकाठी भात उभं होतं. म्हणून मॅडम सांगत तेवढंच चाक आबाजी फिरवत. ऐकदोरीजवळ पोरं आणि गुरुजी आळीपाळीनं बसत आणि आवाज वाढला की कमी झाला ते कळवत. वरटोल्याची माणसं विळे घेऊन खालटोल्याचं भात कापायला उतरली. खालटोल्याची घरंच्या घरं वरटोल्यात राहायला आली. ज्या ओसऱ्यांवर पाहुणे जेवत, तिथे आता शेजारी झोपू लागले. पाणी आटलं तसे शेजारच्या गावांचे ढीवर ड्रम घेऊन आले आणि मासे आपापल्या तळ्यांत घेऊन गेले. म्हणाले, "तुमचा तलाव भरला की परत आणून सोडू. तोवर आमच्याकडं पाव्हणे."

"पाव्हण्याले खाऊन टाकू नका म्हणजे झालं!" आबाजी म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते विनोद करत होते.

वादळाचा पाऊस आला. सगळे टेकडीवर उभे राहून बघत होते. मोहाच्या खोडाखालची जमीन हळूच बसली, खोड कलंडलं, आणि पाळीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. तळाशी उरलेलं थोडं पाणी त्यातून खाली गेलं. ते आत्याच्या परसातून, गोठ्यातून, घोट्याएवढं वाहत शेतात पसरलं. हळद-कुंकवाचे दगड वाहून गेले, बाकी काही नाही. तलाव भरलेला असता तर काय झालं असतं, ते सगळ्यांना दिसत होतं. आत्यानं भर पावसात शरयूला इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना.

ते वर्ष वरटोल्याला जड गेलं. पक्षी आले, आकाशात एक फेरी मारून निघून गेले. संस्थेची माणसं लांब लांब कामाला गेली. झाडं मुळासकट काढली, तेव्हा ज्याचं झाड त्यानं आधी हात लावायचा असं ठरलं. शरयूनं जांभळाच्या खोडाला मिठी मारली आणि म्हणाली, "तू काही केलं नाहीस. आम्हीच तुले चुकीच्या जागी उभं केलं." आबाजी दर सकाळी पाळीवर येत आणि कामावरच्या प्रत्येकाला पाणी पाजत. खालटोल्याच्या बाया रोज कुणा ना कुणाच्या घरून भाकरी पाठवत.

भगदाड पायापर्यंत खोदलं, तेव्हा सगळ्यात खालचा थर उघडा पडला. पिवळी माती, दगडासारखी कडक. तिच्यावर बैलांच्या खुरांचे ठसे होते. तीनशे वर्षांपूर्वीचे. खुरांच्या मधून माणसांची पावलं गेली होती, आणि त्यांत एक पाऊल लहान होतं. तुमच्याएवढ्याच कुणाचं तरी.

आबाजी उकिडवे बसले. त्यांनी कपाळ त्या मातीला टेकवलं. "बाप्पा," ते पुटपुटले, "तुमी किती नाचले असाल. आमी आयतं पाणी पीत रायलो."

आता त्या जुन्या थरावर नवी माती पडणार होती. रोलर उभा होता, पण पहिला थर पायांनीच तुडवायचा असं वरटोल्यानं ठरवलं होतं. माती अंथरली, पाणी शिंपडलं. ढोल आला. वरटोल्याची सगळी पोरं चपला काढून काठावर उभी राहिली.

"शरू," आबाजी म्हणाले, "तू ऐकलंस. पहिलं पाऊल तुझं."

शरयूनं चपला काढल्या. एकदा त्या ओल्या मातीकडे बघितलं, एकदा पाळीखालच्या घरांकडे. पाळीचं काम आजवर वरटोल्याचं असे. झाडं त्यांची, चाक त्यांचं. खालटोल्याच्या पोरांना कुणी बोलावलंच नव्हतं. ती पोरं खाली अंगणाअंगणांतून वर बघत उभी होती.

"थांबा ना, आबाजी," ती म्हणाली. "ढोल थांबवा जरा."

आणि ती अनवाणीच पाळ उतरून खालटोल्याकडे पळत सुटली, त्या सगळ्यांना हाका मारत.